वीस-वीसवर अडकलेली नवरी

त्रेचाळिसाव्या वर्षी हळद लागली की बाईचं डोकं ठिकाणावर राहत नाही, असं शैलजा इंगळेचं त्या संध्याकाळी ठाम मत झालं होतं. गालाला हळद, कानामागे हळद, कोपरापर्यंत हळद, आणि ओठ काही केल्या मिटत नव्हते. कुणी पाणी आणून दिलं तरी हसू, कुणी "पाय घे तिकडे" म्हटलं तरी हसू. चिखलीच्या बँकेत जिच्या एका नजरेनं शिपाई सरळ उभे राहतात, तिला हे शोभतं का, असं तिनं स्वतःला एकदा दरडावून पाहिलं. त्याचंही तिला हसूच आलं.

तिची आई चांगुणाबाई मात्र हसण्याच्या अवस्थेत नव्हत्या. त्यांच्या माहेरची रीत अशी, की हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि हातातलं लोखंड सोडायचं नाही. लोखंड म्हणजे अडकित्ता. शैलजानं तो एकदा न्हाणीत टाकला, एकदा साखरेच्या डब्यात ठेवला, आणि तिसऱ्यांदा कुठं ठेवला ते देवाला ठाऊक.

"एवढी देशोदेशी फिरली, एक अडकित्ता सांभाळता येत नाही तुले?" चांगुणाबाई कडाडल्या. "जे लोखंडाचं भेटन ते धर, पण हात मोकळा ठेवू नको!"

शैलजा मुकाट्यानं आत गेली आणि कपाटावरून आपली जुनी रॅकेट काढून घेऊन आली. लहानपणीची पहिली. स्टीलची, जड, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. जाळी मात्र तिनं दरवर्षी नवी विणून घेतलेली. का, ते तिलाच माहीत.

"हे लोखंड आहे?" आईनं डोळे बारीक केले. मग त्या तरातरा फ्रिजपाशी गेल्या, दारावरचा देवाच्या फोटोचा लोहचुंबक उपटला आणि रॅकेटच्या दांड्याला लावला. तो टक्कन चिकटला. शास्त्र आणि विज्ञान दोन्ही समाधान पावली. "मंग धर," त्या म्हणाल्या, "आन आता तरी गप बस एका जागी."

गप बसणं शैलजाच्या पत्रिकेत नव्हतंच. असतं तर अमडापूरची पोरगी जकार्तापर्यंत कशाला गेली असती?

त्याची सुरुवात झाली होती ती शेजारच्या निजामच्या वडिलांच्या गोदामात. त्यांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. वर्षभर गोदामात बांबू, कनाती, सतरंज्या खचाखच भरलेल्या असायच्या. लग्नसराई लागली की सगळं सामान गावोगाव जायचं आणि गोदाम रिकामं पडायचं. वर पत्रे, चारी बाजूंनी भिंती, वाऱ्याची झुळूक नाही. मग निजाम आणि शैलजा आत. चिखलीच्या बाजारातून आणलेली रॅकेटची एक जोडी, त्यातली एक त्याची आणि एक हिची. कुठं सनई वाजली की आजही शैलजाचा हात आपोआप वर जातो, तो यामुळे. इतर मुलींना लग्नसराई म्हणजे नवे कपडे. तिच्यासाठी लग्नसराई म्हणजे बॅडमिंटन.

पंच कोण होणार? गोदामात दोघंच. म्हणून त्यांनी आपला एक नियम केला होता: ज्याचा फटका, त्याचाच कौल. फूल, म्हणजे शटल, आत पडलं की बाहेर, हे मारणाऱ्यानंच सांगायचं. आणि खरं सांगायचं, कारण खोटं सांगितलं तर उद्या आपल्याशी खेळायला दुसरं कुणी नाही.

या नियमानं पुढे तिचे फार हाल केले. पुण्याच्या होस्टेलमध्ये मुली तिच्या "मले-तुले"ला आधीच हसायच्या. त्यात ही स्वतःचाच फटका बाहेर गेला म्हणून हात वर करायची. जकार्ताला तर पंचांनी तिला गुण दिला होता, हॉलभर टाळ्या पडल्या होत्या, आणि ही कमरेवर हात ठेवून सांगत होती की नाही हो, बाहेर गेलं, मी पाहिलं ना! प्रशिक्षकांनी रात्रीचं जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरात भारताच्या प्रामाणिक मुलीचा फोटो आला. प्रामाणिक कसली, तिला दुसरं काही माहीतच नव्हतं.

खेळली मात्र झक्कास. मलेशिया, डेन्मार्क, चीन. अंगावर तिरंगा असलेला टी-शर्ट आईनं धुवायला न देता वर्षभर देवघराशेजारी टांगून ठेवला होता. आणि मग आली ती राष्ट्रीय स्पर्धेची फायनल. समोर पुण्याची पूनम. होस्टेलमधली एकाच खोलीतली मैत्रीण, एकाच ताटातली मॅगी खाल्लेली, आणि मैदानात एकमेकींचा जीव घेणारी. तिसरा गेम, वीस-वीस. पूनमनं जाळीजवळ एक हळूच ड्रॉप टाकला, शैलजा झेपावली, आणि गुडघ्यात काहीतरी कटकन तुटलं. तिला स्ट्रेचरवर घालून नेलं. पूनम चॅम्पियन झाली. शैलजा पुन्हा कधी मोठी स्पर्धा खेळली नाही.

त्या दिवसापासून शैलजाच्या नावाला एक शेपूट लागलं. ते लावलं माणिकराव मामांनी. मामा म्हणजे चांगुणाबाईंचे धाकटे भाऊ, माइक दिसला की ज्यांच्या अंगात येतं असे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, गणपती असो, कुणाचं बारसं असो, मामा सुरू व्हायचे: "आमची शैलू! गुडघा गेला नसता, तर..." आणि पुढे असे काही थांबायचे की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणवायचे. सोळा वर्षं शैलजा त्या "तर"वर बसून होती. बरं वाटायचं तिथं. उबदार जागा होती. पण रात्री झोपताना तीच जागा टोचायची. गुडघा गेला नसता तर काय? खरंच काय?

हे सरळ विचारलं ते एकाच माणसानं. देऊळघाटचे उद्धवराव, गुरांचे डॉक्टर, वय शेहेचाळीस, लग्न करायचं राहूनच गेलेलं. चांगुणाबाईंची म्हैस बघायला आले होते. मामांनी त्यांनाही ती कहाणी ऐकवली आणि आपल्या ठरलेल्या जागी थांबले. डॉक्टरांनी म्हशीच्या पोटाला कान लावल्या लावल्या विचारलं, "मंग, जिंकल्या असत्या का?"

शैलजाला इतका राग आला की तिनं त्यांना चहा विचारला नाही. पुढच्या वेळी ते आले तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "त्या दिवशी इचारलं ना तुम्ही, ते मले माहीत नाही."

"माहीत झालं तर सांगजा," उद्धवराव म्हणाले. "लग्नाच्या आधी झालं तर आधी, नाही तर नंतर."

"कोणाच्या लग्नाच्या?"

"ते बी तुम्हीच सांगा." एवढं बोलून ते लालबुंद झाले आणि म्हशीचं तोंड उघडून दात पाहू लागले. दाताची काही तक्रारच नव्हती. तिथंच शैलजा पडली प्रेमात. आणि ताठ्यानं म्हणालीसुद्धा, "लग्नाच्या आधीच सांगन." कसं सांगणार होती, ते विचारू नका.

तर अशी हळदीत न्हालेली, हातात रॅकेट घेतलेली शैलजा मांडवात बसली होती, आणि दिवेलागणीला बाहेर एक गाडी थांबली. केस कापलेली, पांढरे बूट घातलेली एक बाई उतरली. पूनम. पत्रिका पाठवली होती, पण येईल असं शैलजाला वाटलं नव्हतं. सोळा वर्षांत दोघींची भेट नव्हती, नुसते दिवाळीचे निरोप.

पूनमनं नवरीकडे पाहिलं. मग नवरीच्या हाताकडे पाहिलं. "शैले," ती म्हणाली, "तू स्वतःच्या हळदीत रॅकेट घेऊन बसलीस?"

"लोखंड हाय ते!" चांगुणाबाईंनी खुलासा केला.

पूनमला काही कळलं नाही, पण तिनं वर पाहिलं. निजामनं हा मांडव जीव ओतून घातला होता. चाळीस बाय साठ, चारी बाजूंनी कनाती, छताला उंच गुलाबी कापड, दिव्यांचा लख्ख उजेड. पंखे तेवढे बंद होते, कारण हळदीच्या दिव्यांना वारा लागत होता. पूनम वर पाहत राहिली. शैलजा पूनमकडे पाहत राहिली. दोघींच्या डोक्यात एकाच क्षणी एकच किडा वळवळला, आणि होस्टेलात वॉर्डन येताना दिसल्यावर यायचं तसं घाणेरडं हसू दोघींच्या तोंडावर आलं.

"गाडीत फुलं आहेत," पूनम हळूच म्हणाली. ती आता अकादमी चालवायची. तिच्या डिकीत शटलचे डबे नसतील तर गाडी चालूच होत नसेल. "वीस-वीस झालं होतं ना गं?"

"वीस-वीस."

"नाही!" चांगुणाबाई ओरडल्या. आयांना सगळं कळतं. "उद्या नवरी लंगडत बोहल्यावर गेली तर डॉक्टर काय म्हणन?"

"जनावरायचाच डॉक्टर हाय आई, बांधून देईन पाय," शैलजा म्हणाली, आणि मांडव हसला. मग ती आईच्या गळ्यात हळदीचे हात टाकून म्हणाली, "मांडवाच्या बाहेर जात नाही. लोखंड सोडत नाही. अजून काय रीत हाय, सांग. सगळी पाळते."

चांगुणाबाईंनी खूप आठवून पाहिलं. नवरीनं बॅडमिंटन खेळू नये, असं त्यांच्या माहेरी कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

मग जो गोंधळ उडाला तो सांगता सोय नाही. निजाम चप्पल टाकून धावला. पंचेचाळिशीला टेकलेला माणूस, पण खुर्च्या अशा उचलत होता जणू त्यांच्याखाली पैसे सांडलेत. "सरका, सरका! मोजमाप माह्या पायात हाय!" म्हणत त्यानं पावलं टाकली आणि बायकांनी त्याच्या मागं मागं पांढऱ्या रांगोळीच्या रेघा ओढल्या. जाळी म्हणून मानाची पैठणी पुढे आली, ती चांगुणाबाईंनी हिसकावून घेतली आणि स्वयंपाकघरातून एक जुनं लुगडं आणून दिलं. त्याचं एक टोक माणिकराव मामांनी धरलं, दुसरं निजामनं. पूनमनं आपली परदेशी रॅकेट काढली, शैलजाच्या हातातल्या स्टीलकडे पाहिलं आणि परत म्यान केली. "मला पण तसली द्या. नाहीतर मजा नाही."

"जोडीची माह्याकडं हाय की!" निजाम लुगडं सोडून पळाला आणि जोडीतली दुसरी रॅकेट घेऊन आला. इतकी वर्षं ती गोदामात कबुतरं हाकलायच्या कामी होती. पूनमनं ती कनातीवर झटकली तेव्हा दोन पिसं खाली पडली.

"तो नियम लागू हाय बरं का," निजामनं बजावलं. "ज्याचा फटका, त्याचाच कौल. हा माहा मांडव हाय."

एवढ्यात देऊळघाटहून फोन आला. उद्धवरावांनाही हळद लागलेली, त्यामुळं तेही घरात अडकलेले. व्हिडिओ कॉल घेतला शेजारच्या अन्नपूर्णाकाकूंनी. "दाखवते, सगळं दाखवते जावईबापू," असं म्हणत त्यांनी फोन छातीशी घट्ट धरला आणि स्वतः मॅच पाहायला लागल्या. उद्धवरावांना शेवटपर्यंत काकूंच्या हनुवटीपलीकडे काही दिसलं नाही.

वीस-वीस. शैलजानं पदर खोचला, सर्व्हिस केली, आणि सोळा वर्षं हवेत अडकून राहिलेलं ते फूल एकदाचं पुढे सरकलं.

पहिला गुण पूनमचा. दुसरा शैलजाचा. दोन गुणांची आघाडी घेतली म्हणजे जिंकलं. पण आघाडी कुणी घेऊच देईना. एकवीस-एकवीस. बावीस-बावीस. हळदीचे शिंतोडे उडत होते. सर्व्हिस करताना फूल चिमटीला चिकटायचं आणि पिवळं होऊन पूनमकडे जायचं. माणिकराव मामा दर गुणाला उसळायचे, त्यामुळं त्यांच्या बाजूची जाळी वर जायची. निजाम ओरडायचा, "मामा, खाली! नेट वर गेलं!" मग मामा एवढं खाली घ्यायचे की तिकडून बायका ओरडायच्या. हळदीची गाणी म्हणायला आलेल्या बायकांनी गाणं सोडून आकडे म्हणायला सुरुवात केली होती. तेविसाच्या पुढं त्यांनी त्याला चालही लावली.

शैलजा धापा टाकत होती आणि हसत होती. दम तिचा केव्हाच गेला होता. पण हात जागेवर होता, त्याला सगळं आठवत होतं. पूनमची कमर धरली होती. ती मधेच वाकून गुडघ्यांवर हात ठेवायची आणि मान वर करून म्हणायची, "मर तू, शैले!" असं प्रेमानं तिला गेल्या कित्येक वर्षांत कुणी मर म्हटलं नव्हतं.

एकोणतीस-एकोणतीस झाले आणि मांडव एकदम गप्प झाला. तिसाच्या पुढं गेम जात नाही. आता जो गुण जाईल तो शेवटचा, हे निजामनं सगळ्यांना खाणाखुणांनी समजावलं.

पूनमनं सर्व्हिस केली. शैलजानं मागं फेकलं. पूनमनं मागं फेकलं. चार वेळा, पाच वेळा, फूल गुलाबी छताला घासून खाली येत राहिलं. आणि मग पूनमचं मनगट किंचित वळलं. शैलजाला ते वळताना दिसलं. तोच ड्रॉप. अगदी तोच, जाळीच्या डाव्या कडेला, मेल्यासारखा पडणारा.

चांगुणाबाईंनी डोळे मिटले.

शैलजा झेपावली. डावा पाय पुढं, तोच गुडघा, आणि तिनं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. काही तुटलं नाही. गुडघा घट्ट उभा राहिला, इमानी बैलासारखा. तिनं फूल जमिनीच्या दोन बोटं वरून उचललं आणि पूनमच्या डोक्यावरून मागं टाकलं. पूनम वळली, दोन पावलं धावली, आणि थांबली. फूल मागच्या रेघेपाशी टपकन पडलं.

"आत!" मामांनी गर्जना केली आणि लुगडं सोडून दिलं. "आत! आत!" अख्खा मांडव उठला. कुणीतरी अक्षतांची अख्खी परात उधळली. उद्याच्या अक्षता, आजच.

पूनम फुलाकडं पाहत नव्हती. शैलजाकडं पाहत होती. "तुझा फटका," ती म्हणाली. "तू सांग."

तिचा आवाज शैलजानं पूर्वी कधी असा ऐकला नव्हता. शैलजा पडलेलं लुगडं ओलांडून पलीकडं गेली. रांगोळीची रेघ सबंध होती. कण हललेला नव्हता. पिवळं फूल तिच्या पलीकडं, बोटभर अंतरावर निवांत पडलं होतं. इथं कॅमेरे नव्हते, पंच नव्हते. सगळा मांडव तिच्या बाजूनं ओरडत होता. एक शब्द, आणि मामांचं वाक्य पुरं झालं असतं.

"बाहेर," शैलजा म्हणाली.

"काय?" मामा म्हणाले.

"बाहेर हाय, मामा. मी हरली." आणि हे शब्द तोंडातून गेले मात्र, तिला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. ती रांगोळीतच बसली. गुडघा गेला नव्हता आणि ती हरली होती! किती सोपं होतं! सोळा वर्षं पाठीवर बांधलेलं बोचकं कुणी सोडवून खाली ठेवावं तसं तिला हलकं वाटलं. "गुडघा चांगला होता, मी त्याले उगाच बदनाम केलं," ती म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.

पूनम मात्र रडत होती. ती शैलजाच्या शेजारी रांगोळीत येऊन बसली. "तुला माहितेय, ते मेडल मी घरात कधी लावलं नाही," ती म्हणाली. "जो तो म्हणायचा, ती पडली म्हणून तू जिंकलीस. मीपण तेच म्हणायचे."

"लाव आता," शैलजा म्हणाली आणि हळदीच्या हातानं तिचे गाल पुसले. त्यामुळं ते पुसले गेले नाहीत, पिवळे झाले. "चांगलं समोरच्या भिंतीवर लाव. मी येऊन बघीन."

अन्नपूर्णाकाकूंच्या छातीतून एक व्याकूळ आवाज येत होता. "हॅलो? काय झालं? कोणी सांगता का मले?" शैलजानं फोन ओढून घेतला. पडद्यावर हळदीनं माखलेला, घाबराघुबरा गुरांचा डॉक्टर होता.

"डॉक्टर, तुम्ही इचारलं होतं ना?" ती धापा टाकत म्हणाली. "नसती जिंकली."

उद्धवरावांनी तोंड पडद्याजवळ आणलं. "आन गुडघा?"

"एकदम टकाटक."

"मंग झालं तर," ते म्हणाले, आणि त्यांचा तो पिवळा चेहरा इतका फुलला की शैलजाला फोनमध्येच शिरावंसं वाटलं.

"अवं, रॅकेट कुठं हाय?" चांगुणाबाई मागून ओरडल्या. "लोखंड सोडलं का पोट्टीनं?" रॅकेट शैलजाच्या मांडीखाली होती. सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर मांडव तुडुंब भरला. जमिनीवर कालच्या रांगोळीच्या रेघा अजून पुसटशा दिसत होत्या, आणि त्यांच्या अल्याड-पल्याड नवरा-नवरी उभे होते. मध्ये अंतरपाट. एक टोक रिवाजाप्रमाणं माणिकराव मामांच्या हातात. भटजींनी घसा साफ केला. तेवढ्यात कुणीतरी आशीर्वादासाठी माइक मामांच्या तोंडापुढं धरला, आणि मामांचं काय व्हायचं ते झालं.

"आमची शैलू!" मामांचा आवाज भरून आला. "गुडघा गेला नसता, तर..."

मामा ठरलेल्या जागी थांबले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"तरी बी हरली असती, मामा!" अंतरपाटाआडून नवरी खणखणीत बोलली. "तुम्ही नेट सरळ धरा. समोरचा गडी वाट पाहून राह्यला."